चार ककार छापले, ‘का’ कुठं गेला?

पोस्ट मोठी आहे. पण बारामती, इंदापूर, धुळे, शिरपूर, गोंदिया या पट्ट्यात राहत असाल, डोक्यावरून दिवसभर छोटी विमानं घिरट्या घालत असतील, किंवा घरातलं पोरगं-पोरगी पायलट व्हायला निघालं असेल, तर वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

शिकाऊ विमान शेतात आलं की आमच्या धंद्यात बातमी आधीच तयार असते. गावाचं नाव आणि तारीख तेवढी बदलायची. ‘शिकाऊ विमान शेतात कोसळले, वैमानिक थोडक्यात बचावले.’ खाली पोलीस घटनास्थळी दाखल, बघ्यांची गर्दी, तांत्रिक बिघाडाचा प्राथमिक अंदाज, सुदैवाने जीवितहानी नाही. मोडक्या पंखाजवळ चार जणांचे सेल्फी. दुसऱ्या दिवशी विषय संपला. तिसऱ्या दिवशी ट्रॉली येते, विमान उचलून नेते, आणि बांधावर फक्त चाकांच्या चाकोऱ्या राहतात.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवतात. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. विमानाच्या बातमीत पहिले चार येतात. ‘का’ आणि ‘कसे’ गायब. बरं, नंतर येतील म्हणून वाट बघावी तर कधीच येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन ककार गायब असणं ही निव्वळ बातमीदारीतली ढिलाई नाही. त्यात पुढच्या अपघाताची सोय आहे.

आधी थोडी उजळणी करू, कारण आपली स्मरणशक्ती पेपरच्या रद्दीएवढीच टिकते.

२५ जुलै २०२२. बारामतीहून उडालेलं छोटं सेसना विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात आलं. आत एकटी शिकाऊ मुलगी, वय २२. जखमी झाली, जीव वाचला.

३० मे २०२३. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान बिघाडामुळे जवळच्या शेतात उतरवावं लागलं. आतले दोघे वाचले.

१९ ऑक्टोबर २०२३. बारामतीजवळ कटफळला एक विमान पडलं. २२ ऑक्टोबर २०२३, म्हणजे चौथ्याच दिवशी, गोजुबावीजवळ दुसरं. दोन्ही एकाच अकॅडमीची. बेळगावचंही त्यांचंच. तेव्हा कुठं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं दिल्लीतलं महासंचालनालय, जागं झालं. सहा महिन्यांत पाच अपघात झाले, कारण विमानांच्या देखभालीशी निगडित दिसतंय, असं म्हणत त्या अकॅडमीचं सगळ्या तळांवरचं प्रशिक्षण थांबवलं. पुढे ते परत सुरू झालं.

आता मला सांगा, पाचव्यानंतर जे दिसलं ते दुसऱ्यानंतर का दिसलं नाही? तिसऱ्यानंतर? दरवेळी ‘थोडक्यात बचावले’ म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्या निःश्वासाबरोबर प्रश्नही सोडून दिला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती न कळल्यामुळेच आपण चुकीच्या माणसाला एकतर देव करतो नाहीतर दोषी.

एका इंजिनाच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येत नाही. पंख शाबूत असतात. सेसना १५२ सारखं विमान इंजिन बंद असताना साधारण एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जातं. म्हणजे जमिनीपासून हजार फुटांवर इंजिन गेलं तर वारा शांत असताना अडीच-पावणेतीन किलोमीटरचा पल्ला आणि साधारण दीड मिनिट हातात असतं. या दीड मिनिटात शेत शोधायचं, वाऱ्याची दिशा बघायची, विमानाचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास राखायचा, इंधनाचा कॉक, मिश्रण, मॅग्नेटो तपासून इंजिन परत लागतंय का बघायचं, रेडिओवर सांगायचं आणि उतरायचं. विशी-बाविशीचं लेकरू हे करतं. एकटं.

आणि सगळ्यात अवघड काय? नाक वर न उचलणं. जमीन जवळ यायला लागली की माणसाचा हात आपोआप दांडी मागे ओढतो. नाक वर गेलं की वेग पडतो, वेग पडला की पंख हवा सोडतात, आणि मग मात्र विमान खरंच कोसळतं. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं आणि ‘धावपट्टी तर मागेच आहे’ म्हणून कमी उंचीवर वळायला गेलं, की तेच होतं. जगभर यात माणसं मेली आहेत. म्हणून शिकवतात की सरळ बघ, समोर जे बरं रान दिसेल ते घे.

म्हणजे शेतात आलेलं विमान बऱ्याचदा ‘कोसळलेलं’ नसतं, ‘उतरवलेलं’ असतं. चाक मोडलं, पंखा वाकला, उलटं झालं, तरी आतला माणूस चालत बाहेर आला असेल तर त्यानं त्याचं काम केलं. मग काम कुणाचं राहिलं? ज्यांनी ते इंजिन हवेत पाठवलं त्यांचं. आपली बातमी नेमकी इथंच थांबते. पायलटच्या ‘प्रसंगावधाना’ला टाळ्या वाजवल्या की बाकीचे टाळ्यांच्या आवाजात निसटतात.

इंजिन का बंद पडतं, हे काही गूढ नाही. शेतकऱ्याला तर मुळीच नाही. यातली बरीचशी इंजिनं शंभर-एकशेदहा एचपीची आहेत. म्हणजे आपल्याकडच्या पन्नास एचपीच्या दोन ट्रॅक्टरएवढी ताकद. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : इंधन, हवा आणि ठिणगी. यातलं काहीतरी कमी पडलं की ताकद जाते.

इंधन. एकतर टाकीत संपलेलं असतं, नाहीतर टाकीत असूनही इंजिनापर्यंत पोहोचत नाही. कॉक चुकीचा, फिल्टर तुंबलेला, पेट्रोलमध्ये पाणी. डिझेलमध्ये पाणी गेलं की ट्रॅक्टर कसा आचके देतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेत काढून बघायचं असतं आणि टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजायचं असतं, कारण छोट्या विमानाच्या काट्यावर विसंबायचं नसतं. पाच मिनिटांचं काम. पण सकाळी एकामागे एक उड्डाणं लावलेली असतील, मागचा मुलगा घड्याळ बघत उभा असेल, तर याच पाच मिनिटांवर गदा येते.

हवा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. हवेत दमटपणा असेल तर बाहेर पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो. होय, बर्फ, आणि तोही महाराष्ट्रात. पावसाळ्यात विशेष सांभाळायची गोष्ट. उपाय विमानातच असतो, गरम हवा आत सोडायची एक दांडी. ती वेळेवर ओढायची सवय लागली पाहिजे, आणि ती दांडी नीट चालते का हे जमिनीवर तपासलेलं पाहिजे.

ठिणगी. इथे बनवणाऱ्यांनी आधीच विचार केलाय. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन स्वतंत्र ठिणगी यंत्रणा. एक गेली तर दुसरी. उड्डाणाआधी दोन्ही आळीपाळीनं बंद करून बघतात. तिथं इंजिन जास्त थरथरलं तर विमान परत न्यायचं असतं. नेतात का, की ‘थोडं चालतंय’ म्हणून सोडतात, हे त्या अकॅडमीच्या संस्कृतीवर ठरतं.

याशिवाय झिजलेला व्हॉल्व्ह, चिरलेला सिलिंडर, तेलगळती. यासाठीच ठरावीक तासांनी तपासणी आणि ठरावीक तासांनी पूर्ण खोलून दुरुस्ती असते. कागदावर हे सगळं असतं. कागदावर आपल्याकडे काय नसतं?

आता यातला सगळ्यात फसवा प्रकार सांगतो. इंजिन पूर्ण बंद न पडता अर्धवट चालत राहणं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २००० ते २०१० या अकरा वर्षांतल्या नोंदी काढल्या. एका इंजिनाच्या विमानांची ताकद टेक-ऑफनंतर अर्धवट गेल्याच्या २४२ घटना, आणि इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५. अर्धवटमधले नऊ अपघात जीवघेणे ठरले. पूर्ण बंद पडलेल्यांत एकही नाही.

उलटं वाटतं ना? पण विचार करा. इंजिन पूर्ण गेलं की पायलटपुढे दुसरा पर्यायच नसतो, तो समोरचं शेत धरतो. अर्धवट चाललं की आशा असते. ‘अजून ओढतंय, धावपट्टीपर्यंत नेईल.’ त्या आशेत उंची जाते, वेग जातो, वळण घेतलं जातं. आणि सराव कसला होतो? बहुतेकदा शिक्षक थ्रॉटल पूर्ण मागे घेतो आणि म्हणतो, इंजिन बंद, आता उतर. अर्ध्या ताकदीत काय ठरवायचं, हे तेवढ्या निगुतीनं शिकवलं जात नाही. ज्यांची पोरं शिकताहेत त्यांनी अकॅडमीत जाऊन हा एक प्रश्न जरूर विचारा : अर्धवट इंजिन गेल्याचा सराव घेता का, कितीदा घेता?

मला तर आपल्या देखरेखीच्या व्यवस्थेचंही हेच झालेलं दिसतं. ती पूर्ण बंद पडली असती तर ओरड झाली असती. ती अर्धवट चालते. नियम आहेत, इन्स्पेक्टर आहेत, नोटिसा निघतात, म्हणून सगळ्यांना वाटतं, नेईल धावपट्टीपर्यंत.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं बोईंग पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. महिनाभरात प्राथमिक अहवाल आला, आणि देशातल्या प्रत्येक पानटपरीवर फ्युएल स्विच म्हणजे काय यावर चर्चा झाली. योग्यच झालं. इतकी माणसं गेली, लोकांना कारण कळायलाच हवं. पण छोट्या विमानाच्या बाबतीत हाच हक्क कुठं जातो?

याचं एक उत्तर किलोमध्ये आहे. अपघात तपासाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीस दिवसांत प्राथमिक अहवाल पाठवायची अट आहे ती २,२५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या विमानांसाठी. त्याखालच्या विमानांना काही ठरावीक कारण असेल तरच. सेसना १५२ भरलेल्या टाकीसकट, माणसांसकट साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे ज्या विमानांत आपली पोरं शिकतात ती या काट्यावर भरतच नाहीत. अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत यावा, नाहीतर दर वर्षदिनी तपास कुठवर आला ते सांगावं, असंही त्याच नियमांत आहे. आपल्याकडे अहवाल येतात, नाही असं नाही. विमान अपघात तपास ब्यूरोच्या संकेतस्थळावर ते ठेवतात. इंग्रजीत, तांत्रिक भाषेत, पीडीएफमध्ये. ज्याच्या उसात ते विमान आलं त्यानं ते कसं वाचायचं? आणि आम्ही बातमीदारांनी ते वाचून त्याला सांगायचं नाही, तर मग आमचं काम तरी काय?

आणि हे अहवाल कुणाला फासावर द्यायला नसतात. तपासाचा हेतू दोष ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, असं नियमच सांगतो. मग तो अहवाल जिथं पुढचा अपघात होऊ शकतो त्या गावात, त्या अकॅडमीच्या वर्गात पोहोचलाच नाही तर टळणार काय?

२०२५ मध्ये डीजीसीएनं पहिल्यांदाच देशातल्या ३५ उड्डाण प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी जाहीर केली. ‘ए प्लस’ मध्ये किती? शून्य. ‘ए’ मध्ये? शून्य. ‘बी’ मध्ये १३. आणि २२ संस्था ‘सी’ मध्ये, म्हणजे पन्नास टक्क्यांच्याही खाली. दहावीला पोराला पन्नासच्या खाली मिळाले तर आपण घरात सुतक पाळतो. इथं देशातल्या निम्म्याहून जास्त संस्था तिथं होत्या, आणि त्याची बातमी आतल्या पानावर आली. या प्रतवारीत सुरक्षेला शंभरपैकी किती वजन आहे माहितेय? वीस. कामगिरीला चाळीस. प्रतवारी सुरू केली हे चांगलंच झालं, त्याबद्दल धन्यवाद. पण सुरक्षेत भोपळा मिळवूनही कागदावर एखाद्याला ऐंशी गुण मिळू शकत असतील, तर ते कोष्टक पुन्हा मांडायला हवं.

आता विद्यार्थ्यांचं बोलू. कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून वर. आमच्याकडे यासाठी जमिनी गहाण पडल्यात, फ्लॅट विकलेत. तास भरले नाहीत तर महिने वाढतात, महिने वाढले की राहण्या-खाण्याचा खर्च आणि व्याज. अशा मुलानं सकाळी विमानापाशी जाऊन ‘हे इंजिन मला बरोबर वाटत नाही, मी नेत नाही’ म्हणायचं? म्हणालाच, तर पुढचा नंबर कधी लागेल? मुलं-मुली माझ्याशी बोलतात. नाव नको, अकॅडमीचं नावही नको, या अटीवर. त्यांच्या बोलण्यात इंजिनापेक्षा भीती जास्त असते, आणि ती पडण्याची नसते. मागे पडण्याची असते. जिथं तक्रार केली तर तास जातात, तिथं बिघाड वहीत चढत नाही. तो थेट शेतात उतरतो.

आणि शेत म्हणजे तरी काय? शहरातल्या माणसाला वाटतं, गावाकडं काय, मोकळं रान. या हो बघायला. बारा-चौदा फूट उंच ऊस. द्राक्षाचे तारांचे मांडव. शेततळी. विहिरी. हायटेन्शनच्या तारा, ज्या वरून दिसत नाहीत, फक्त खांब दिसतात. पावसाळ्यात काळी माती लोण्यासारखी, पुढचं चाक रुतलं की विमान कोलांटी खातं. आणि त्या रानात माणसं असतात. खुरपणाऱ्या बाया असतात, ऊसतोडीच्या काळात फडात कोप्या असतात, लेकरं असतात. इंजिन बंद पडलेल्या विमानाचा आवाजच येत नाही. पळायचं कुणी आणि कधी?

अपघात झाला की पहिला माणूस कोण पोहोचतो? अकॅडमीची गाडी नाही, अग्निशमनाचा बंबही नाही. १६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात शिरपूरच्या संस्थेचं विमान पडलं. शिक्षक जागीच गेले. जखमी विद्यार्थिनीला झोळी करून डोंगरातून खाली आणलं ते तिथल्या आदिवासी बाया-माणसांनी. तो अपघात इंजिनामुळे झाला असं मी म्हणत नाही, मुद्दा वेगळा आहे. पहिली मदत दरवेळी गावच करतं. पण त्या गावाला कुणी कधी सांगितलंय का, की पंखात पेट्रोल असतं, जवळ बिडी-काडी पेटवू नका. जखमीला मानेत-पाठीत मार असेल तर आग नसताना ओढून काढू नका. पंख्याला हात लावू नका. गर्दी लांब ठेवा? विमानं उडतात आमच्या डोक्यावर, आणि साधा तासाभराचा वर्ग गावात नाही.

पिकाचं बोलूच नका. विमान आलं, मग बघे आले, मग ट्रॉली-क्रेन आली. अर्धा एकर तुडवलं. अतिवृष्टीचा पंचनामा होतो, गारपिटीचा होतो. ‘विमान पडले’ या रकान्याचा कागद तलाठ्याकडे नाही. विम्याचे पैसे मिळतात का, अर्ज कुणाकडे करायचा, विचारलं तर एक साहेब दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो.

‘अपघात कुठं होत नाहीत? एसटी पडत नाही का?’ पडते. आणि एसटी दरीत गेली की ब्रेक होता का, ड्रायव्हरची ड्युटी किती तास होती, गाडी किती जुनी होती, सगळं आपण विचारतो. विमानाबद्दल तेवढंच विचारा. जास्त नको.

‘पायलटचीच चूक असते, इंजिनाला का दोष देता?’ असू शकते. इंधन संपणं ही बहुतेकदा माणसाचीच चूक असते, यंत्राची नाही. मग त्या शिकाऊ मुलाला इंधन मोजायला कुणी शिकवलं, उड्डाणाचा कागद कुणी सही करून दिला, हे कळायला नको? दोष यंत्राचा असो की माणसाचा, अहवाल लोकांसमोर यायला हवा, हे दोन्हीकडून तेवढंच खरं आहे.

‘तुम्ही विकासाच्या आड येता.’ उलट. अमरावतीच्या बेलोऱ्याला मोठ्या अकॅडमीची घोषणा झाली, तालुक्या-तालुक्यात धावपट्ट्यांची मागणी आहे. येऊ द्या. आमच्या भागातली मुलगी कॉकपिटमध्ये बसली तर पेढे वाटणाऱ्यांत मी पहिला असेन. पण तिच्या हातात जे इंजिन देताय ते धड आहे का, हे विचारणं म्हणजे तिच्याच बाजूनं बोलणं आहे.

मागण्या साध्या आहेत. यातल्या एकालाही नवा कायदा लागू नये.

एक. उड्डाणात इंजिन बंद पडल्याच्या किंवा ताकद गेल्याच्या प्रत्येक घटनेची अकॅडमीवार यादी डीजीसीएनं दर तीन महिन्यांनी जाहीर करावी. अपघात झाला नाही, धावपट्टीवर सुखरूप परतलं, तरी सुद्धा. पुढच्या अपघाताची चाहूल यातूनच लागते.

दोन. विमान जिथं पडलं त्या ग्रामपंचायतीला तपास अहवालाचा मराठी सारांश पाठवावा. दोन पानं पुरे. आणि ग्रामसभेत तो वाचला जावा.

तीन. विद्यार्थ्यानं विमान नाकारलं म्हणून त्याचे तास मागे पडणार नाहीत, हे प्रवेशाच्या करारात लिहून द्यावं. पालकांनो, फी भरण्याआधी हे कलम मागा. तुमच्याकडून अर्धा कोटी घेणारा एक ओळ लिहून देणार नसेल तर त्यातच उत्तर आलं.

चार. प्रतवारीत सुरक्षेचं वजन वाढवावं, आणि सुरक्षेत ठरावीक गुण नसतील तर एकूण गुण कितीही असोत, संस्था खालच्याच वर्गात राहावी. नापास विषय असला की एकूण टक्केवारी बघत नाहीत, हे शाळेतलं पोरही सांगेल.

पाच. धावपट्टीच्या आसपासच्या गावांत अकॅडमीनं वर्षातून एकदा प्रशिक्षण घ्यावं, आणि पीक नुकसानीसाठी तहसीलदाराकडे एक ठरलेला अर्ज आणि एक ठरलेला माणूस असावा.

आणि आमच्या धंद्यातल्या मित्रांना एक सांगणं. विमान पडल्याची तारीख डायरीत लिहून ठेवा. बरोबर एक वर्षानं अकॅडमीला, ब्यूरोला, डीजीसीएला विचारा : अहवाल आला का, कारण काय निघालं, काय बदललं? माहितीचा अधिकार दहा रुपयांत आहे. ती बातमी पहिल्या पानावर येणार नाही, तिच्यात मोडक्या पंखाचा फोटो नसेल, व्ह्यूज मिळणार नाहीत. पण खरी बातमी तीच आहे.

मी हे आज लिहितोय, कारण आज कुठलंही विमान पडलेलं नाही. पडल्यावर लिहिलं की लोक म्हणतात, ही वेळ नाही, कुटुंब दुःखात आहे. न पडल्यावर लिहिलं की म्हणतात, काय झालंय म्हणून बोंबलताय. मग बोलायचं कधी? उद्या सकाळी सहा-साडेसहाला परत इंजिनं सुरू होतील. कुणाचं तरी पोरगं एकटं पहिल्यांदा वर जाईल, आणि खाली कुणीतरी पाणी धरत असेल. त्या दोघांनाही ते इंजिन कुणी तपासलं हे माहीत नसेल.

पटलं तर पुढे पाठवा, कॉपी-पेस्ट केलं तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल. नाही पटलं तर खाली मुद्द्यावर बोला. तुमच्या गावात असं विमान उतरलं असेल तर कमेंटमध्ये गाव आणि तारीख लिहा, शिकाऊ पोरांची नावं लिहू नका. यादी झाली की अहवाल मागायला मी अर्ज टाकतो. एकट्यानं टाकण्यापेक्षा दहा गावांतून दहा अर्ज गेले तर जास्त बरं.